दहा दिवसांचे मुख्यमंत्री यादीत धरायचे की नाही? (वाचनालयातला एक गुण अडला आहे)

वाचनालयवाली

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढते आहे, आणि तोही अडचणीत सापडल्यामुळे.

आमचं गाव वेंगुर्ल्यापासून एसटीने अर्ध्या-पाऊण तासावर. तिथल्या वाचनालयात मी गेली एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हणजे केर काढण्यापासून वर्गणी मागण्यापर्यंत सगळं. दर १ मे ला आम्ही शाळेतल्या मुलांसाठी सामान्यज्ञान स्पर्धा घेतो. पंचवीस प्रश्न, पंचवीस गुण. पेपर मीच काढते, मीच तपासते.

यंदा प्रश्न क्रमांक १४ होता, 'महाराष्ट्राचे तिसरे मुख्यमंत्री कोण?' माझ्या उत्तरपत्रिकेत वसंतराव नाईक. हे मी कुठून घेतलं? आमच्या भिंतीवरच्या फळ्यावरून. १९८५ साली महाराष्ट्राच्या रौप्यमहोत्सवाला तेव्हाच्या कमिटीने काळ्या फळ्यावर पांढऱ्या रंगात मुख्यमंत्र्यांची नावं रंगवून घेतली, पुढची तशीच वाढवत नेली. पहिली ओळ यशवंतराव चव्हाण १९६०–६२, दुसरी मा. सां. कन्नमवार १९६२–६३, तिसरी वसंतराव नाईक १९६३–७५. मी बोटाने मोजून लिहिलं. एकोणीस वर्षं रोज समोर दिसणारा फळा, त्यावर संशय कोण घेणार?

नववीतल्या एका मुलीने लिहिलं, 'बाळासाहेब सावंत'. मी लाल पेनने काट मारली. तिला पंचवीसपैकी तेवीस मिळाले आणि पहिल्या आलेल्या मुलाला चोवीस. बक्षीस वाटून झालं, लाडू खाऊन झाले, आणि ही फळ्याखाली उभी. "काकू, माझो एक गुण."

मी विचारलं, सावंत कुठून काढलेस? तर म्हणे बाबांबरोबर दापोलीला शेतकरी मेळाव्याला गेली होती. तिथे विद्यापीठाचं नाव लिहिलेलं, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. तिने बापाला विचारलं, हे कोण? बाप काजूवाला, वेंगुर्ला-४ ची दीडशे झाडं आहेत त्याची, हे विद्यापीठ म्हणजे त्याचं देऊळच. तो म्हणाला, "ते धा दिवस मुख्यमंत्री होते, म्हायती हा तुका?" पोरीने डोक्यात ठेवलं.

घरी येऊन शोधलं तर खरंच. २५ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९६३, परशुराम कृष्णाजी उर्फ बाळासाहेब सावंत. आपल्या कोकणातला माणूस, आणि मला पत्ता नाही! आम्ही आपले कोकणातले पहिले मुख्यमंत्री अंतुले असं मुलांना शिकवत बसलोय.

आता माझे प्रश्न. एक, हे खरे मुख्यमंत्री होते की नुसते खुर्ची सांभाळायला बसवलेले? दोन, त्यांचं वेगळं मंत्रिमंडळ होतं का? तीन, गुण द्यायचा का? कमिटीतले एक जण म्हणतात, "दहा दिवसांत माणसाची खुर्चीसुद्धा गरम होत नाही, सोडून द्या." मला सोडवत नाही.

जुना कारकून, विक्रोळी

वाचनालयवाली ताई, तुमच्या प्रश्नाने मला एकदम १९७१ मध्ये नेऊन बसवलं. त्या साली मी सचिवालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. हो, सचिवालयच. मंत्रालय हे नाव १९७५ मध्ये शंकरराव चव्हाणांनी दिलं. जुने छापील कागद उरले होते त्यावर आम्ही कित्येक महिने रबरी शिक्के मारत होतो. आणि मी राहतो कन्नमवारनगरात, म्हणजे या गोष्टीतल्या गेलेल्या मुख्यमंत्र्यांच्या नावाच्या वसाहतीत. तेव्हा बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

घडलं असं. चीनच्या युद्धात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचं पद गेलं आणि नेहरूंनी त्यांच्या जागी यशवंतरावांना दिल्लीला बोलावून घेतलं. इथे नोव्हेंबर १९६२ मध्ये मारोतराव कन्नमवार आले. चांद्याकडचा माणूस, लहानपणी वर्तमानपत्रं विकून दिवस काढलेला. एक वर्ष झालं न झालं तोच २४ नोव्हेंबर १९६३ ला, रविवारी, पदावर असतानाच वारले. महाराष्ट्रात पदावर असताना गेलेले ते एकमेव मुख्यमंत्री.

आता तो आठवडा कसला होता बघा. शुक्रवारी २२ तारखेला अमेरिकेत केनेडींना गोळी घातली. त्याच दिवशी पूंछकडे हेलिकॉप्टर पडून आपल्या सैन्यातले दोन लेफ्टनंट जनरल, एक एअर व्हाइस मार्शल असे बडे अधिकारी गेले. रविवारी कन्नमवार. आमचे हेडक्लार्क सांगायचे, त्या आठवड्यात पेपर उघडायचीच भीती वाटायची. अशा गर्दीत सोमवारी सावंतांकडे राज्य आलं. लोकांच्या लक्षात न राहायला एवढं कारण पुरेसं आहे.

मंत्रिमंडळाचं म्हणाल तर नवीन असं काही नव्हतं. घर तेच, माणसं तीच, कर्ता तेवढा बदलला. गंमत म्हणजे वसंतराव नाईक त्याच मंत्रिमंडळात महसूलमंत्री. म्हणजे दहा दिवस सावंतांच्या हाताखाली नाईक, आणि ५ डिसेंबरपासून नाईकांच्या हाताखाली सावंत, कारण पुढे तेही नाईकांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. आजच्या काळात असा माणूस दुसऱ्या दिवशी नॉट रीचेबल झाला असता!

त्या दहा दिवसांत पक्षाला नेता ठरवायचा होता. यशवंतराव दिल्लीत असले तरी इथल्या राजकारणावर वजन त्यांचंच. कन्नमवार विदर्भाचे होते, संयुक्त महाराष्ट्र होऊन तीनच वर्षं झाली होती, विदर्भाला परकं वाटू नये ही काळजी होतीच. शेवटी पुसदचे नाईक ठरले आणि मग ते जे बसले ते फेब्रुवारी १९७५ पर्यंत. अकरा वर्षांवर. एवढी सलग कारकीर्द महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाला मिळाली नाही. त्या डोंगराच्या सावलीत सावंतांचे दहा दिवस कुणाला दिसणार?

मी एकदा हेडक्लार्कना विचारलं होतं, "साहेब, त्या दहा दिवसांत सचिवालयात काय चालायचं हो?" ते चष्मा पुसत म्हणाले, "सह्या." मग जरा थांबून सांगितलं, की टिपणीच्या शेवटी आपण 'मा. मुख्यमंत्री' एवढंच लिहितो, नाव कधी लिहीत नाही. माणूस गेला तरी फाइल पुन्हा टंकायला लागत नाही. रोजच्या नस्त्या येत होत्या, जात होत्या. धोरणाचं काही आलं की ते अलगद खाली सरकायचं. वरच्या मजल्यावर कोण बसलंय हे खालच्या मजल्यावर सहीच्या वळणावरून कळायचं, इतकंच.

आणि एक. नोकरीत असताना फिरतीवर मी परभणीला आणि दापोलीला दोन्हीकडे जाऊन आलोय. दोन्ही कृषी विद्यापीठं एकाच दिवशी स्थापन झालेली, १८ मे १९७२. दापोलीच्या विद्यापीठाला पुढे नाव मिळालं दहा दिवसांच्या मुख्यमंत्र्यांचं, परभणीच्या विद्यापीठाला अकरा वर्षांच्या. कमिटीतल्या खुर्ची गरम करणाऱ्या गृहस्थांना एवढं सांगा.

पोरीला गुण द्या.

शंकासुर

कारकूनकाका, किस्सा झकास. पण दहा दिवस की नऊ? २५ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर दोन्ही टोकं धरली तर दहा, वजाबाकी केली तर नऊ. ५ तारखेला नाईकांची शपथ, म्हणजे ४ ची रात्र सावंतांचीच. माझ्या मते दहा.

बाकी वाजपेयींचं १९९६ चं तेरा दिवसांचं सरकार सगळे मोजतात, 'तीनदा पंतप्रधान' म्हणतात. मग दहाने काय घोडं मारलं?

फोंडेकार

दहा दिवस म्हणजे तुम्हा लोकांना नवल! आमच्या गोव्यात या.

१९९० मध्ये चर्चिल आलेमाव मुख्यमंत्री झाले, २७ मार्चला, आणि १४ एप्रिलला उतरले. अठरा दिवस. त्यांच्यामागून आलेले लुईस प्रोत बार्बोझ डिसेंबरात गेले, मग राष्ट्रपती राजवट. चाळीस आमदारांची विधानसभा, चार जण इकडचे तिकडे झाले की सरकार आडवं. त्या दशकात घरी पाहुणा आला की आधी विचारायचा, "आज कोण?"

पण माझ्या जिव्हाळ्याचा किस्सा १९९४ चा. आमच्या फोंड्याचे रवी नाईक, आम्ही त्यांना पात्रांव म्हणायचो. आधी दोन-सव्वादोन वर्षं मुख्यमंत्री होते. पक्षांतराच्या भानगडीत अपात्र ठरले म्हणून गेले, आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अपात्रता रद्द केली. ते प्रकरण अजून वकील लोक घोकतात. मग २ एप्रिलला राज्यपाल भानुप्रकाश सिंग यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री विली डिसोझा यांना घरी पाठवून पात्रांवना शपथ दिली. दिल्लीला ते रुचलं नाही. राज्यपालच गेले, आणि ८ एप्रिलला विली परत खुर्चीवर.

माझे वडील फोंड्यात पाट्या रंगवायचे. २ तारखेला संध्याकाळी एक कार्यकर्ता धावत आला, अभिनंदनाचे तीन कापडी फलक हवेत, लाल अक्षरं, पिवळी किनार. वडिलांनी रात्रभर जागून दोन केले. तिसऱ्यावर 'मुख्यमंत्री' लिहून झालं, 'पदी' राहिलं, तोवर लाल रंग संपला. रंग आणायला दोन दिवस गेले, आणि मग कार्यकर्ता फिरकलाच नाही. ते कापड आमच्याकडे पावसाळ्यात मोटरसायकलवर घालायला कितीतरी वर्षं होतं. पाऊस पडला की आमची मोटरसायकल मुख्यमंत्री.

पण ताई, यादीत दोघेही आहेत हां. अठरा दिवसवालेही आणि सहा दिवसवालेही. राज्यपालांनी शपथ दिली, विषय संपला.

सातारी वकील

विषय इतक्यात संपत नाही, फोंडेकार. आधी ताईंच्या पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो.

घटनेच्या कलम १६४ मध्ये मुख्यमंत्री हा एकच शब्द आहे. त्याला राज्यपाल नेमतात, आणि त्याच्या सल्ल्याने बाकीचे मंत्री. हंगामी, प्रभारी, काळजीवाहू हे शब्द आपण बोलीत वापरतो, त्या कलमात ते नाहीत. मुख्यमंत्री वारला की मंत्रिमंडळाचा आधारच जातो, त्यामुळे कोणाला तरी नेमावंच लागतं. नेमलेला माणूस दहा दिवस असो की दहा वर्षं, कायद्याच्या नजरेत पद तेच. सावंत पूर्ण मुख्यमंत्री होते, पाव नव्हेत.

फक्त नेमणूकच बेकायदा ठरली तर मोजत नाहीत. उत्तर प्रदेशात २१ फेब्रुवारी १९९८ च्या रात्री राज्यपाल रोमेश भंडारींनी कल्याणसिंगांना काढून जगदंबिका पाल यांना शपथ दिली. २३ तारखेला अलाहाबाद उच्च न्यायालयाने कल्याणसिंगांना परत बसवलं. मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सभागृहात थेट दोघांमध्ये मतदान झालं, कल्याणसिंग २२५, पाल १९६. म्हणून पाल यांचं नाव यादीत घ्यायचं तर तळटीप लागते. सावंतांच्या नेमणुकीला तसा डाग नाही.

आपल्याकडचं ताजं उदाहरण २०१९ चं. २३ नोव्हेंबरला सकाळी आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आणि अजित पवार उपमुख्यमंत्री. सबंध मंत्रिमंडळ दोघांचं. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, उद्या संध्याकाळी पाचपर्यंत बहुमत सिद्ध करा, गुप्त मतदान नको, थेट प्रक्षेपण करा. त्याच दुपारी दोघांचेही राजीनामे. २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे. मी त्या सकाळी कोर्टाला सुट्टी म्हणून उशिरा उठलो आणि बायकोला म्हणालो, टीव्हीवर जुनं काहीतरी दाखवतायत.

आता ५ डिसेंबर २०२४ ला आझाद मैदानावर फडणवीसांनी शपथ घेतली तेव्हा समर्थकांपासून विरोधकांपर्यंत सगळ्यांनी 'तिसऱ्यांदा मुख्यमंत्री' असंच म्हटलं. ते तिसऱ्यांदा होतात कधी? मधले ऐंशी तास धरले तरच. ऐंशी तास चालतात तर दहा दिवस का नाही? (तारीखही बघा, ५ डिसेंबर. नाईकांच्या शपथेचीच.)

तरी ताई, तुमच्या उत्तरपत्रिकेच्या बाजूने एक मुद्दा आहे, तो लपवणार नाही. नेहरू २७ मे १९६४ ला गेले तेव्हा गुलझारीलाल नंदांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि ९ जूनपर्यंत ते पद सांभाळलं. तरी आपण सगळेच शाळेत 'दुसरे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री' असं शिकलो. म्हणजे क्रमांक देताना मधल्यांना वगळायची रीत आहे, आणि त्या रीतीने नाईक तिसरे. तुमचं उत्तर रीतीने बरोबर, पोरीचं कायद्याने. प्रश्न 'मारोतराव कन्नमवार यांच्यानंतर मुख्यमंत्री कोण झाले?' असा काढला असता तर एकच उत्तर उरलं असतं. मी न्यायाधीश असतो तर दोघांना गुण देऊन प्रश्न काढणाऱ्यांना समज दिली असती.

वाचनालयवाली

समज पोचली, वकीलसाहेब. सगळ्यांचे आभार.

काल संध्याकाळी कमिटी बसली. मी कारकूनकाकांचा प्रतिसाद मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवला. परभणी-दापोलीचं ऐकल्यावर खुर्चीवाले गृहस्थ गप्प झाले. मग म्हणाले, "बरं, द्या, पण पहिल्याचा काढू नका." दोघेही चोवीसवर, दोघेही पहिले. पहिलं बक्षीस वेंगुर्ला-७ ची दोन काजूकलमं होतं. आणखी दोन कलमं रोपवाटिकेतून आणायला मलाच जावं लागणार. पोरीला सांगितलं तर म्हणते, "आमच्याकडे कलमा खूप हत, माका पेन होया." पेन घेतलं.

राहिला फळा. तो तसाच ठेवला तर पुढच्या वर्षी आणखी कोणीतरी बोटाने मोजणार. म्हणून आज सकाळी रंगाऱ्याला बोलावला. कन्नमवार आणि नाईक यांच्यात जेमतेम दोन बोटांची जागा. तो म्हणाला, सगळा फळा खरवडून नव्याने करू, साडेतीन हजार. कमिटीने डोळे वटारले. तेव्हा फोंडेकार, मला तुमच्या वडिलांची आठवण झाली, त्यांनी काय केलं असतं? मीच म्हटलं, वहीत शब्द राहिला तर आपण काय करतो? हंसपद देतो. इथेही देऊ. मग त्याने कन्नमवारांच्या ओळीखाली छानसं हंसपद काढलं आणि बारीक अक्षरांत लिहिलं, 'बाळासाहेब सावंत'.

पुढे साल लिहायला थांबला. बाकी सगळ्यांना दोन सालं आहेत, १९६०–६२, १९६३–७५. इथे काय, १९६३–६३? ते कसंतरीच दिसतं. शेवटी '२५ नोव्हें. ते ४ डिसें. १९६३' असं लिहिलं, आणि ते इतकं लांबलं की फळ्याच्या लाकडी चौकटीवर गेलं. साल चौकटीवर आहे.

तो ब्रश धुवायला लागला होता, तेवढ्यात ती पोरगी आत आली. फळा वरून खालपर्यंत वाचत गेली. २०१९ पाशी थांबून म्हणाली, "काकू, हयसर पण एक ऱ्हवलो." तेव्हाच्या कमिटीत 'चार दिवसांसाठी रंग कोण घालवणार' म्हणून ती ओळ सोडलेली होती. रंगाऱ्याने माझ्याकडे बघितलं. हंसपदाचे तो शंभर रुपये घेतो. मी आणखी एक घालायला सांगितलं.